मशीन बंद करू नये

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५. दसरा.

सकाळी साडेआठला खरवईच्या ऑफिसात. सुट्टी असली म्हणून काय झालं? अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिक खात्यात काढली, एकदाही शस्त्रपूजा चुकवली नाही. तिथे मेन पॅनेल बंद करायचो, पुसायचो, झेंडूचा हार घालायचो. इथे आमचं पॅनेल म्हणजे सर्व्हर, ती कोपऱ्यातली काळी उभी पेटी. संस्था बारवीकडच्या ठाकर वाड्यांचे वनहक्काचे दावे करते आणि त्या दाव्यांचा सगळा जीव या पेटीत आहे.

कॉम्प्युटर सांभाळणारा उन्मेष होता तेव्हा पेटी तीन वर्षांत एकदाही बंद झाली नाही म्हणे. जूनमध्ये तो हैदराबादच्या नोकरीला गेला आणि वायरिंगबरोबर पेटीही माझ्याकडे आली. आत बोटभर धूळ! ब्रशने साफ केली. पुढे एक तेलकट चिठ्ठी डकवलेली होती, 'मशीन बंद करू नये. उन्मेष.' तिच्यामुळे चार महिने मी प्लगला हात लावला नव्हता. कोपरे सुटलेले, दिसायला घाण. ओढून काढली आणि तिथे कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आता कशी प्रसन्न दिसते.

वॉचमन भगवान तोरण बांधत होता. म्हणाला, "काका, उन्मेषदादा हिला कवा बंद नाय करायचं."

म्हटलं, "भगवान, तुला काय कळतं त्यातलं? तू गेट सांभाळ." हसला बिचारा.

बंद करण्याआधी पाहून घेतलं, पुढचा लाल दिवा अखंड लागलेला. मी चार्ज घेतल्यापासून लागलेलाच आहे. पॅनेलवर लाल दिवा म्हणजे सप्लाय चालू, तब्येत ठणठणीत, हे आमच्या खात्यातला झाडूवालाही सांगेल. एक दिवस पेटीला विश्रांती. प्लग काढला, कुलूप लावलं, घरी. आमच्या हिने, बकुळेने, पुरणपोळ्या केल्या होत्या, पाच खाल्ल्या.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर.

पेटी सुरू होत नाही. काळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी ओळ, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. चार वेळा बंद-चालू केलं. तेच.

घाबरण्यासारखं काही नाही. तरी लिहून ठेवतो. सोळा तारखेला उल्हासनगरच्या प्रांत कचेरीत उपविभागीय समितीपुढे करंजवाडीच्या बेचाळीस घरांची सुनावणी आहे. अर्ज कागदावर आहेत, पण जमिनीच्या मोजणीचे नकाशे आणि म्हाताऱ्यांचे जबाब पेटीत. पुरावा जोडला नाही तर दावा फेटाळतात. धाकलूचा जबाबही त्यातच. वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस. एप्रिलमध्ये कॅमेऱ्यापुढे दीड तास बोलला, कुठला बांध कुणाच्या आजाने घातला, कुठल्या मोहाखाली कोणाचं खळं होतं, सगळं. आमचा मोजणीवाला अवधूत ते टाइप करून अंगठा घेणार होता, तोवर श्रावणात म्हातारा गेला. आता तो जेवढा उरलाय तेवढा या पेटीतच.

विठाताईंना अजून सांगितलं नाही. संस्था त्यांनी उभी केली, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला.

उन्मेषला फोन करावा असं मनात आलं आणि तिथेच सोडून दिलं. जाताना पोरगं दोन पानी यादी हातात देऊन गेलं होतं, काका हे वाचा, ते बदलून घ्या. मी चारशे चाळीस व्होल्टला हात घातलेला माणूस. यादी ड्रॉवरमध्ये आहे, वाचलेली नाही. प्लग काढला, कुलूप लावलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर.

उल्हासनगर कॅम्प दोनला गेलो. भूपेशचं दुकान जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. जुनी मशीनं घेऊन नीट करून विकतो, आपली पेटी त्याच्याकडचीच. मी जाताच सुनावलं, "कसला माल दिलास रे?"

तो शांत. "साईं, तीन साल चली ना? पेटी इकडे आणा. बघितल्याशिवाय मी काय बोलू?"

पेटी स्कूटरवरून आणून याच्यासमोर उघडी करायची, म्हणजे हा दुसरी विकत घ्यायला लावणार. म्हटलं, मी स्वतः सिस्टिम टाकतो, तू फक्त दे. त्याने सर्व्हरची सिस्टिम पेनड्राइव्हवर भरून दिली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगत बसला. बोर्डावरच एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. पेटी जागी झाली की पहिला तो उठतो. आज तारीख काय, डिस्क किती, सुरुवात कुठून करायची, हे तो ठरवतो. मग सिस्टिम.

"पहले फर्मवेअर की सेटिंग देखो, हिंदुरावजी. डिस्कला नंतर हात लावा. अंदर डेटा आहे ना?"

मला डेटा आहे की नाही ते शिकवतो!

सोमवार, ६ ऑक्टोबर.

जमलं!

सिस्टिम टाकताना पडद्यावर दोन डिस्क दिसल्या, सारख्या आकाराच्या. एक 'शून्य', एक 'एक'. कारखान्यात पाण्याला दोन पंप असायचे, एक नंबर मेन आणि दुसरा स्टँडबाय. इथे एक नंबर म्हणजे मेन हे उघड आहे, त्यात डेटा असणार. शून्य म्हणजे रिकामा, नावातच आलं. त्याने विचारलं, शून्यवरचं सगळं पुसू का? पूस म्हटलं. पाऊण तासात नवी सिस्टिम चालू. एक नंबरला बोटही लावलं नाही, हे इथे नमूद करतो.

एक नंबरची डिस्क नवी सिस्टिम अजून ओळखत नाही. उद्या बघू. विठाताईंनी विचारलं, नकाशे कधी छापायचे? म्हटलं दोन दिवसांत. प्लग काढला, कुलूप लावलं, घरी. वाटेत बकुळेसाठी जिलबी.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.

पेटी मेली. काळा पडदा, तीच ओळ.

दोन तासांनी फर्मवेअरच्या निळ्या पानात शिरलो. तारीख १ जानेवारी २००९! काल चालणाऱ्या मशीनला आज सोळा वर्षांपूर्वीची तारीख कशी काय येते? सुरू होण्याची पद्धत 'जुनी' करून ठेवलेली. मी 'नवी' केली, तारीख घातली, पेटी उठली. म्हणजे सेटिंग कुणीतरी बदललं. आपोआप कसं बदलेल? स्विच आपणहून खाली पडत नाही.

संध्याकाळपर्यंत एक नंबरशी झटापट. ओळख दाखवत नाही. प्लग काढला, कुलूप दोनदा ओढून बघितलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर.

पुन्हा मेली. पुन्हा २००९.

इंटरनेटवर एका गृहस्थाने लिहिलंय की काही हट्टी फर्मवेअर सुरुवातीची फाइल एकाच ठरावीक जागी शोधतात, तर तिची एक प्रत तिथेही ठेवावी. म्हणून शून्यवर पुन्हा पहिल्यापासून सिस्टिम टाकली आणि फाइल तिथे ठेवली. दिवसभर फर्स्ट क्लास. पाच वेळा बंद-चालू करून पाहिली, पाचही वेळा उठली. अवधूतला म्हटलं, बघ, फर्मवेअरला असं वळसा घालून जायचं असतं.

"काका, एक नंबर उघडली का पण?"

याला नेमकं तेच दिसतं. प्लग काढला. कुलूप लावलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.

मेली. दिवसा पाच वेळा उठते आणि सकाळी मेलेली असते. मग संध्याकाळ ते सकाळ इथे कोण असतं?

भगवान असतो.

आणि आज खुर्ची पेटीपुढे होती. मी काल ती टेबलाखाली सरकवून गेलो होतो, मला पक्कं आठवतंय. पेटीपुढे बसून हा रात्रभर काय करतो? भगवान करंजवाडीचाच, त्याचाही दावा आहे. पण माणसाला कोण फितवेल सांगता येत नाही. वाडीवरच्या जमिनीवर बंगल्यावाल्यांचा डोळा आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

मला असं लिहायला आवडत नाही. पण दुसरं काय समजायचं? सात दिवस उरले.

प्लग काढला. कुलूप लावून किल्ली या वेळी स्वतःकडे ठेवली, त्याला फक्त बाहेरच्या पडवीची दिली. ती घेऊन तो गेटाकडे गेला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नाही. अंधाऱ्या खोलीत पेटीसमोर बसून राहिलो.

आज राजेश सारखा आठवत होता. अठ्ठ्याण्णव साल. आम्ही दोघं तीन नंबरच्या पॅनेलवर. मी स्विच पाडला, फ्यूज काढायला हवा होता तो काढला नाही, म्हटलं दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या टोकाला कोणीतरी स्विच वर केला. राजेशचे हात आत होते. त्याची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची. चौकशीत माझ्यावर काही आलं नाही, पण मला माहीत आहे फ्यूज कोणी काढायचा होता. तेव्हापासून मी नुसत्या स्विचवर विश्वास ठेवत नाही. घरातला मिक्सर असो की संस्थेची पेटी, हातातलं काम संपलं की प्लग भिंतीतून बाहेर. बकुळा हसते, हसू दे. सत्तावीस वर्षांत माझ्या हाताखाली कुणाला ओरखडा आला नाही.

संध्याकाळी भगवानला सरळ विचारलं. "रात्री पेटीला कोण हात लावतं?"

"कोन नाय, काका."

"मग खुर्ची पुढे कशाला ओढतोस?"

"बसतंव. तिच्याकडं बघत बसतंव."

"काय बघतोस? सिनेमा लागतो का तिच्यावर?"

तो म्हणाला, "काका, एक बोलू? तुमी जाताव ना, तवा..."

मी ऐकून घेतलं नाही. तोंडाला येईल ते बोललो. फितूर म्हणालो. अवधूतसमोर. भगवानने पडवीची किल्ली टेबलावर ठेवली, शिट्टी ठेवली, डबा उचलला आणि गेला.

गेला ते बरंच झालं. सायंकाळी वीज आली होती. प्लग बघितला, काढलेलाच होता.

शनिवार, ११ ऑक्टोबर.

भगवान नाही, दुसरं कोणी नाही, किल्ली माझ्या उशाखाली. तरी सकाळी पेटी मेलेली.

म्हणजे जे करायचं ते तो जाण्याआधीच करून गेला.

तिसऱ्यांदा शून्य पुसून सिस्टिम टाकली. विठाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "हिंदुराव, खरं सांगा, नकाशे आहेत ना?" मी म्हटलं आहेत. मान हलवून त्या आत गेल्या, तेच जास्त लागलं. प्लग काढला, कुलूप लावलं.

रविवार, १२ ऑक्टोबर.

घरीच. बकुळेला सगळं सांगितलं. तिने ऐकून एवढंच विचारलं, "भगवानला काही करताना तुम्ही पाहिलंत का?"

"पाहिलं नाही. पण खुर्ची..."

"खुर्चीवर माणूस बसतो," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

बेचाळीस घरं. मला फर्मवेअर कळत नाही हे लिहायला दहा दिवस लागले. सोळा तारखेला मी आजारी पडलो तर बरं होईल, असाही विचार येऊन गेला. लाज वाटते.

सोमवार, १३ ऑक्टोबर.

सकाळी मेलेली. निळ्या पानात जाऊन पद्धत नवी केली, तारीख घातली, उठवली. आता हे डोळे मिटून करतो.

दुपारी वाटलं, ही एक नंबर काही उघडत नाही, तीच बिघडलेली असेल आणि तिच्यामुळेच पेटी अडत असेल. तीही पुसून दोन्ही कोऱ्या कराव्यात, निदान पेटी तरी नीट चालेल. पडद्याने विचारलं, एकवरचं सगळं पुसू का? बोट बटणावर ठेवलं होतं. देवाशपथ ठेवलं होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "हिंदुकाका हायत का?"

सोनी. धाकलूची मुलगी. करंजवाडीहून डोंगर उतरून आली, डोक्यावर भोपळा, संस्थेसाठी. खाली बसली आणि म्हणाली, "काका, माना बाचा आवाज ऐकू द्या. आन् दिसंल ना तो? पोरास्नी दाखवायचाय. एक फोटू पन नाय त्याचा घरात."

काय सांगणार? म्हटलं, मशीन जरा आजारी आहे.

"मंग बसतंय मी. बरं हुईल तवर."

आणि बसली. भिंतीला टेकून, पेटीकडे बघत. माझं बोट बटणावर परत गेलं नाही. पडदा तसाच सोडून मी उगीच कागद चाळत बसलो. साडेपाच झाले तरी ही हलेना. वाडीकडची शेवटची जीप पाचलाच जाते हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. शेवटी म्हटलं, चल, स्कूटरवर सोडतो. भोपळा तिथेच राहिला. वाटेत तिने विचारलं, "भगवान कामावं का नाय येत?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिला पायवाटेशी उतरवून परस्पर घरी आलो. कंबर मोडली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.

दार उघडलं. पडद्यावर कालचाच प्रश्न उभा होता, एकवरचं सगळं पुसू का? पेटी रात्रभर चालू राहिली होती. प्लग भिंतीत होता. घाईत मी तो काढलाच नव्हता.

'नाही' म्हणून पेटी बटणाने बंद केली, प्लग तसाच ठेवला. चालू केली. उठली. तारीख बरोबर. मग प्लग काढला, दहा मोजले, परत घातला. मेली. १ जानेवारी २००९.

ड्रॉवर उघडून उन्मेषची यादी काढली. पहिलीच ओळ, 'बोर्डावरचा सेल संपला आहे. वीज तुटली की मशीन सेटिंग विसरतं. सेल बदलेपर्यंत प्लग काढू नये.' दुसरी ओळ, 'पुढचा लाल दिवा लागला तर जोडीतली एक डिस्क गळाली असं समजावं. ताबडतोब मला फोन.'

फोन लावला. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तो म्हणाला, "काका, दोन्ही डिस्क जोडीने चालतात. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप. सेटिंग गेलं म्हणून त्या वेगवेगळ्या दिसल्या. लाल दिवा कधीपासून होता?"

"जूनपासून."

"मग जूनपासून एकाच डिस्कवर लिहिलं जात होतं. दुसरी तिथेच थांबली. तुम्ही कुठली पुसलीत?"

"शून्य."

मग मी विचारलं, थांबलेली कुठली होती रे?

"एक, काका. तो लाल दिवा एक नंबरचाच आहे. गळालेली ती होती."

बुधवार, १५ ऑक्टोबर.

भूपेश स्वतः खरवईला आला, मी बोलावलं नव्हतं, उन्मेषने फोन केला होता. खिशातून बटणाएवढा सेल काढला आणि बोर्डावर बसवला. दोन मिनिटांचं काम. मग उन्मेष फोनवर सांगत गेला तसं निळ्या पानात जोडीचं सेटिंग परत केलं. एक नंबरवरून जुनी सिस्टिम उठली. धाकलू सापडला. बांबूच्या मोळीवर बसून हात उंच करून डोंगर दाखवतोय. तेहतीस घरांचे नकाशे सापडले.

शेवटची फाइल ११ जूनची.

त्यानंतरची नऊ घरं. वरच्या अंगाची. भाद्रपदात पाऊस उघडला तेव्हा अवधूतने चार दिवस चिखल तुडवत मोजणी केली होती आणि पेटीत भरल्यावर हातातल्या यंत्रातून पुसली होती, कारण पेटीत सुरक्षित आहे असं मी त्याला सांगितलं होतं.

मी भूपेशला म्हटलं, शून्यवरून काही निघेल का? त्याने चष्मा काढला. "एक बार पुसलं असतं तर कोशिश केली असती, साईं. आपण तीन बार वर लिहिलं." मग म्हणाला, "मैंने भी जोर देके पेटी मागायला पाहिजे होती." त्याची काही चूक नव्हती. मला ते ऐकवेना.

विठाताईंना सांगितलं. चिठ्ठी, दिवा, प्लग, तीन वेळा पुसणं, भगवान. त्यांनी नऊ घरांची यादी मागितली आणि वाचून टेबलावर उलटी ठेवली. "यांना कोण सांगणार?"

"मी," म्हटलं.

यादीत सातवं नाव भगवानचं आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर.

सुनावणी झाली. तेहतीस दावे पुराव्यांसकट घेतले. धाकलूचा जबाब लॅपटॉपवर लावला. साहेब आधी घड्याळ बघत होते, मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी पूर्ण ऐकला. सोनी मागे उभी होती. बा बोलायला लागला तशी तिने पदर तोंडात धरला, पण डोळे पडद्यावरून हलवले नाहीत.

नऊ दाव्यांना मोजणी जोडलेली नाही अशी नोंद झाली. विठाताईंनी पुष्कळ विनवलं. पुढची तारीख जानेवारीची मिळाली, तीही शेवटची. तोवर नव्याने मोजणी आणि नऊ घरांच्या म्हाताऱ्यांचे जबाब. वरच्या अंगाची एक आजी भाद्रपदात बोलली होती, सर्वपित्रीला तिच्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा बसली. तिचा जबाब आता होणार नाही.

हे मी केलं. दुसऱ्या कोणीही नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी.

करंजवाडीला गेलो. आठ घरांत सांगितलं. कुणी ओरडलं नाही, एका घरी चहा दिला. भगवानचं घर शेवटचं ठेवलं होतं. तो भात झोडत होता. मला पाहून हातातली पेंढी खाली ठेवली.

मी म्हटलं, "भगवान, तू काही केलं नव्हतंस. मी तुला नाही नाही ते बोललो. आणि तुझी मोजणी माझ्या हाताने पुसली गेली."

त्याने हात झटकले. मग म्हणाला, "उन्मेषदादा असताना रातभर तिची बत्ती लुकलुक करायची. सोबत वाटायची. दसऱ्यापून तुमी पिलग काढून जायचं नि ती मेल्यावानी पडायची. म्हनून बघत बसायचो, कवा तरी लागल म्हनून. त्या दिवशी तेच सांगत व्हतो, काका. पिलग काढू नका."

मी तिथेच झोडलेल्या पेंढ्यावर बसलो. राजेशच्या बायकोसमोर असाच बसलो होतो.

भगवानने पाण्याचा तांब्या पुढे केला. "मोजनी कवा घेनार?"

"पाडवा झाला की. अवधूत यंत्र धरेल, मी काठ्या रोवत पुढे चालेन. सगळ्या नऊ घरांची."

"वरचा चढ तुमाला झेपंल?"

"झेपायला पाहिजे."

तो परत भात झोडायला लागला. कामावर ये असं म्हणायचं धाडस झालं नाही. निघालो तेव्हा मागून त्याचा आवाज आला. "काका, किल्ली पडवीची देनार का आतली?"

"आतली," म्हटलं.

ऑफिसात आलो. स्वस्तिक पुसलं नाही, त्याच्या खाली नवी चिठ्ठी डकवली, ठळक अक्षरांत. 'मशीन बंद करू नये. हिंदुराव.' भोपळा अजून कोपऱ्यातच होता, तो घरी न्यायला उचलला. दिवे मालवले. दारातून मागे फिरलो, खाली वाकलो, हात प्लगपर्यंत गेला होता. सत्तावीस वर्षांची सवय. तसाच ओणवा राहिलो, मग हात मागे घेतला.

प्लग काढला नाही. कुलूप लावलं. किल्ली भगवानसाठी शेजारच्या टपरीवर ठेवली.